५५ इंची स्मार्ट टीव्ही: चित्र झकास, संमतीचा पडदा आक्षेपार्ह

टीव्ही घेणारा प्रत्येक जण आधी चित्राबद्दल विचारतो, म्हणून ते आधी सांगून टाकते. चित्र अप्रतिम आहे. पडदा ओएलईडी आहे, म्हणजे मागून उजेड टाकणारा वेगळा दिवा नाही. प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, स्वतः विझतो. त्यामुळे रात्रीच्या दृश्यातला काळा रंग करडा न दिसता खरोखर काळा दिसतो. बाजूला, सोफ्याच्या कडेला बसलं तरी रंग उडत नाहीत. हालचाल गुळगुळीत करणारी सोय मात्र कंपनीने आधीपासून चालू ठेवलेली असते, ती पहिल्याच दिवशी बंद करा. नाहीतर उत्तम सिनेमाही मालिकेसारखा दिसतो. आवाज जेमतेम. इतक्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच उरत नाही, संवाद स्पष्ट ऐकायचे तर साउंडबार घ्यावाच लागेल. रिमोट हलका, हातात छान बसणारा, पण त्यावरची एक अख्खी ओळ स्ट्रीमिंग ॲपच्या बटणांनी व्यापली आहे आणि ती बदलता येत नाहीत. अशा बटणांसाठी ॲपवाल्या कंपन्या टीव्ही बनवणाऱ्यांना पैसे मोजतात.

आता ज्या भागासाठी हे लिहायला बसले, त्याकडे वळते. मी मीडिया प्लॅनर आहे. कोणती जाहिरात कुठे, किती वेळा आणि कोणाला दिसावी हे ठरवणं माझं काम, आणि त्यात इंटरनेटला जोडलेल्या टीव्हीचा वाटा वर्षागणिक वाढतो आहे. म्हणून हा टीव्ही मी बघणारीच्या नजरेने पाहिला, तसाच जाहिरात विकत घेणारीच्या नजरेनेही.

वायफाय जोडलं, ईमेल टाकला की अटींचा पडदा येतो. मधोमध मोठं निळं बटण: ‘सर्व मान्य करा’. रिमोटचा कर्सर आधीच त्यावर येऊन थांबलेला. खाली फिकट अक्षरांत ‘पर्याय पाहा’. तिकडे गेलं की वेगवेगळ्या संमती दिसतात: वापराच्या अटी, गोपनीयता धोरण, पाहण्याची माहिती, आवडीनुसार जाहिराती, आवाज ओळखणं. टीव्ही चालायला यातल्या पहिल्या दोनच पुरतात. बाकीच्या ऐच्छिक आहेत, पण ते वाचायला प्रत्येकाचा मजकूर रिमोटने एकेक ओळ खाली सरकवावा लागतो. आई शेजारी मालिकेची वाट बघत बसली होती. “अगं, दाब ना ते निळं बटण. सगळे तेच दाबत असतील,” ती म्हणाली. तिचं बरोबर आहे. सगळ्यांनी तेच दाबावं, म्हणूनच तो पडदा तसा बनवला आहे.

‘पाहण्याची माहिती’ म्हणजे काय, हे नीट सांगायला हवं. या तंत्राला ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन म्हणतात, आमच्या धंद्यात नुसतं एसीआर. पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे अगदी छोटे नमुने टीव्ही घेतो, त्यांचा ठसा बनवतो आणि सर्व्हरकडे पाठवतो. तिथे कार्यक्रम आणि जाहिराती यांच्या ठशांचा साठा असतो. जुळणी झाली की कळतं, या घरात या क्षणी काय चालू आहे. टीव्हीतली ॲप बंद ठेवून काही फरक पडेलच असं नाही, कारण ठसा पडद्यावरच्या चित्राचा असतो, मग ते चित्र सेट-टॉप बॉक्समधून येवो की गेम कन्सोलमधून. लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींमधून बाहेर जाणारी माहिती तपासली. लॅपटॉपसारखं उपकरण एचडीएमआय केबलने जोडून टीव्ही नुसता मॉनिटर म्हणून वापरला तरी एसीआर चालूच असल्याचं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की सेटिंगमध्ये जाऊन नकार दिला की ही पाठवणी थांबते. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा.

या माहितीचा उपयोग काय, ते मी रोज बघते, आणि तो सगळा वाईट नाही. एकाच घरात एकच जाहिरात एका संध्याकाळी पुन्हा पुन्हा आदळत असेल, तर ती थांबवायला हीच माहिती लागते. ज्यांनी जाहिरात पाहिलीच नाही त्यांच्यापर्यंत पोचायलाही तीच. पण त्याच माहितीवर टीव्ही आणि फोन एकाच घरातले आहेत हे ओळखता येतं, कारण एका वायफायवरच्या सगळ्या उपकरणांचा बाहेरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख क्रमांक, बहुधा एकच असतो. आईने दिवाणखान्यात काय पाहिलं यावरून माझ्या फोनवर काय दिसावं हे ठरू शकतं. कोणी कोणती जाहिरात पाहिली याची मोजणी करायला माझी हरकत नाही. मोजणी नसेल तर आम्ही अंदाजाने पैसे उधळू. पण ती माणसाला कळून, त्याच्या होकाराने व्हायला हवी. थकलेल्या माणसाने मालिका लवकर सुरू व्हावी म्हणून दाबलेल्या बटणाला मी होकार मानत नाही.

यावर कारवाईही झालेली आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, विझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीवर आरोप ठेवला की १ कोटी १० लाख टीव्हींमधून ग्राहकांना न कळवता सेकंदासेकंदाची माहिती गोळा केली गेली. कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. सेटिंगमध्ये त्या सोयीचं नाव होतं ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’, आणि वर्णन होतं कार्यक्रमांच्या ऑफर आणि सूचना मिळतील, एवढंच. २०२४ च्या डिसेंबरात वॉलमार्ट या अमेरिकेतल्या दुकानांच्या मोठ्या साखळीने हीच विझिओ सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेतली. त्या व्यवहारात जाहिरातीचा धंदा हा मोठा भाग होता. लोक काय विकत घेतात हे दुकानाला ठाऊक असतं, काय पाहतात हे टीव्हीला. दोन्ही एका छताखाली आलं की जाहिरात पाहण्यापासून वस्तू घेण्यापर्यंतचा सगळा माग जुळवता येतो. विझिओला तर २०२१ मध्येच टीव्ही विकण्यापेक्षा जाहिराती आणि डेटा यातून जास्त ढोबळ नफा मिळू लागला होता. मोठे पडदे इतके स्वस्त कसे झाले, त्याच्या कारणांत हेही एक धरायला हवं.

हे वेगळ्या पद्धतीने करता येतं, हे फोनने दाखवून दिलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५, म्हणजे आयफोनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आलं तेव्हापासून, इतर कंपन्यांच्या ॲप आणि वेबसाइटवर तुमचा माग काढायचा असेल तर प्रत्येक ॲपला आयफोनवर तसं विचारावं लागतं. एक छोटा प्रश्न, सारख्याच आकाराची दोन उत्तरं. जाहिरात क्षेत्रात तेव्हा प्रचंड आरडाओरडा झाला, आमचे कितीतरी अहवाल रातोरात अर्धवट झाले. तरी मला तो बदल योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. टीव्हीवर तसाच सरळ प्रश्न विचारायला तांत्रिक अडचण काहीच नाही.

माझ्या टीव्हीवर मी पाहण्याची माहिती आणि आवडीनुसार जाहिराती या दोन्हींना नकार दिला. चित्रात, वेगात, ॲपमध्ये काडीचाही फरक पडला नाही. होम स्क्रीनच्या वरच्या पट्टीतली जाहिरात गेली नाही, ती आता सर्वांना दिसणारी सरसकट जाहिरात असते. सुचवण्या थोड्या कंटाळवाण्या झाल्या. आवाज ओळखायची संमती मात्र विचार करून दिली, कारण आईला पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधणं जड जातं आणि माइक बटण दाबून धरल्यावरच चालू होतो. आता ती बटण दाबून मराठीत नाव सांगते आणि हवं ते स्वतः लावते. या टीव्हीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रकार एकीपुरता नाही. तुमच्या घरात आधीपासून टीव्ही असेल तर पाहण्याची माहिती घेणाऱ्या या सोयीची नावं लक्षात ठेवा: सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’, सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर ‘सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही’. मॉडेलनुसार जागा बदलते, पण गोपनीयता, अटी किंवा सर्वसाधारण सेटिंगच्या आसपास सापडते. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. माझ्याकडे अपडेटनंतर तोच पडदा परत आला, कर्सर पुन्हा निळ्या बटणावर.

घ्यावा का? चित्रासाठी नक्की घ्या, विशेषतः खोलीत थेट ऊन येत नसेल तर. भर उजेडाच्या खोलीत साधा, जास्त प्रखर एलईडी पडदा बरा पडेल. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर पहिल्या दिवशी रिमोट तुमच्या हातात ठेवा आणि ‘पर्याय पाहा’मध्ये त्यांच्यासोबत बसून एकेक संमती मोठ्याने वाचून दाखवा.