नेब्रास्काचा ऑफेन्स: हायस्कूलमधून घडवायचा की पोर्टलवरून आणायचा?

२०१८ मध्ये जो बरो नावाचा क्वार्टरबॅक (अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ऑफेन्सचा, म्हणजे बॉल घेऊन पुढे सरकणाऱ्या अकरा जणांचा, म्होरक्या; पास तोच टाकतो) ओहायो स्टेट विद्यापीठाची टीम सोडून नवी टीम शोधत होता. त्याचे वडील जिमी बरो नेब्रास्काकडून खेळलेले, दोन्ही मोठे भाऊही तिथेच खेळलेले. तरी नेब्रास्काने त्याच्यात रस घेतला नाही. नवे कोच स्कॉट फ्रॉस्ट यांच्याकडे कॅलिफोर्नियातून हायस्कूल आटोपून आलेला एड्रियन मार्टिनेझ होता आणि पुढची काही वर्षं त्याच्याभोवती टीम उभी करायची असा बेत होता. बरो एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) गेला. २०१९ मध्ये त्याने थेट गुण मिळवून देणारे ६० टचडाउन पास टाकले, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी पटकावली आणि एलएसयू १५-० अशी राष्ट्रीय विजेती झाली. त्या वर्षी नेब्रास्काचा हिशेब होता ५-७, म्हणजे पाच विजय आणि सात पराभव.

गंमत अशी की फ्रॉस्ट स्वतःच ट्रान्सफर होऊन आलेला क्वार्टरबॅक. नेब्रास्कातल्या वुड रिव्हर गावचा हा मुलगा आधी स्टॅनफर्डला गेला, तिथून परत आला आणि १९९७ च्या विजेतेपदात (मिशिगनबरोबर विभागून का होईना) टीमचा क्वार्टरबॅक होता.

तुम्ही ओमाहा-लिंकन भागात नवे असाल, मुलगा किंवा मुलगी नेब्रास्का विद्यापीठात लागल्यामुळे लाल टीशर्ट घ्यावा लागला असेल, तर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास ऑफिसात हा वाद तुमच्यापर्यंत येणारच. ऑफेन्ससाठी हायस्कूलची मुलं निवडून घडवायची, की दुसऱ्या कॉलेजांतून तयार खेळाडू आणायचे? मला दोन्ही बाजू पटतात, पण वेगवेगळ्या जागांसाठी. अकराही जणांना एकच उत्तर लावणारा माणूस बहुधा फक्त क्वार्टरबॅककडे बघत असतो.

आधी नियम, थोडक्यात

ट्रान्सफर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही. ती २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. पूर्वी कॉलेज बदललं की साधारण एक वर्ष बाकावर बसावं लागे. २०२१ पासून एकदा बदलायला मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना जाहिराती आणि प्रायोजकांकडून पैसे घेता येऊ लागले. कोर्टातल्या तडजोडीनंतर २०२५-२६ पासून तर विद्यापीठंच थेट पैसे देतात. पहिल्या वर्षासाठी सगळ्या खेळांची मिळून मर्यादा होती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ८५ स्कॉलरशिपची जुनी अट गेली आणि तिच्या जागी एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली.

आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे जवळजवळ प्रत्येक खेळाडू दर जानेवारीत लिलावात उभा राहू शकतो, आणि कुणाला राखायचं हे मालक नाही, खेळाडू ठरवतो.

क्वार्टरबॅक: पोर्टल

२०१७ ते २०२५ या नऊ वर्षांत सात क्वार्टरबॅकना हाइझमन मिळाली. त्यातले सहा कॉलेज बदलून आलेले: बेकर मेफिल्ड, कायलर मरी, बरो, केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स आणि २०२५ चा फर्नांडो मेंडोझा. एकाच कॉलेजात राहून ती जिंकणारा अलाबामाचा ब्राइस यंग एकटाच. २०२४ च्या हंगामाची राष्ट्रीय फायनल ओहायो स्टेट आणि नोत्र दाम यांच्यात झाली. तिथे ओहायो स्टेटचा विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलेला होता, तर नोत्र दामचा रायली लेनर्ड ड्यूकहून.

याचं कारण अगदी साधं आहे. हायस्कूलच्या क्वार्टरबॅकसमोरचे डिफेंडर त्याच्याच वयाचे असतात आणि त्यातले बरेच पुढे फुटबॉल खेळतही नाहीत. त्याला फाइव्ह-स्टार, म्हणजे सर्वांत वरचं मानांकन, देणारा माणूस खरं तर अंदाज बांधत असतो. कॅम वॉर्डला हायस्कूलमध्ये एकही स्टार नव्हता. इन्कार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजातून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी असा प्रवास करून तो २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. पोर्टलमधल्या मुलाचे कॉलेजचे सामने तुमच्या हातात असतात. तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) आठ यार्ड हवे असताना तो काय करतो, हे बघता येतं.

आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये नेब्रास्काचे कोच मॅट रूल यांनी जॉर्जिया टेकहून जेफ सिम्सला आणलं. पहिल्या दोन सामन्यांत त्याने इतक्या वेळा बॉल समोरच्यांच्या हाती दिला की हंगाम तिथेच वाकला. म्हणजे पोर्टलही फसतं. पण सिम्सचे आधीचे सामने पाहिले असते तर दिसलं असतं, की जॉर्जिया टेकमध्येही त्याचे इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास) कमी नव्हते. माहिती समोर होती. वाचली मात्र आशेने गेली.

डिलन रायोलाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. फाइव्ह-स्टार मुलगा. वडील डॉमिनिक नेब्रास्काचे नावाजलेले सेंटर, काका डोनोव्हन तेव्हा टीमच्या लाइनचे कोच. आधी ओहायो स्टेट, मग जॉर्जिया असे शब्द देऊन झाल्यावर २०२३ च्या डिसेंबरात तो नेब्रास्काला आला आणि अख्ख्या राज्याने सुटकेचा श्वास सोडला. पहिल्याच वर्षी त्याला मैदानात उतरवलं, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या व्हायच्या त्या चुका झाल्या. दुसऱ्या वर्षी तो सुधारला. मग २०२५ च्या नोव्हेंबरात यूएससीविरुद्ध त्याचा पाय मोडला आणि हंगाम संपल्यावर तो पोर्टलमध्ये गेला. रक्ताचं नातं असलेला मुलगाही टिकत नाही, तर ‘चार वर्षं याच्याभोवती टीम बांधू’ हा हिशेब आता कोणत्या भरवशावर करायचा?

एक पुरवणी इथे जोडायलाच हवी. दुसरा क्वार्टरबॅक, म्हणजे बाकावरचा, हायस्कूलमधूनच घ्यावा. रायोला पडल्यावर टीजे लतीफ या पहिल्या वर्षाच्या मुलाने पुढच्याच शनिवारी यूसीएलएला हरवून दाखवलं. पोर्टलवरचा अनुभवी माणूस बाकावर बसायला येत नाही, आणि आला तर त्याचं कारण शोधावं.

लाइन: हायस्कूल

या वादात लोक जिथे सर्वांत कमी वेळ घालवतात, तिथेच माझ्या मते उत्तर आहे. लाइन म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे आणि धावणाऱ्याला वाट करून देणारे पुढचे पाच जण: सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. हे पाच जण बॉल घेऊन धावत नाहीत, टीव्हीवर त्यांची नावं फक्त चूक झाली की ऐकू येतात.

नेब्रास्काचा सुवर्णकाळ याच पाच जणांचा होता. टॉम ऑस्बर्न यांच्या टीमने १९९४, १९९५ आणि १९९७ ची विजेतेपदं घेतली ती मुख्यतः बॉल घेऊन धावत, आणि त्या लाइनचं टोपणनाव ‘पाइपलाइन’. दरवर्षीच्या सर्वोत्तम कॉलेज सेंटरला मिळणारी रिमिंग्टन ट्रॉफी ज्याच्या नावाने आहे, तो डेव्ह रिमिंग्टन ओमाहाचा. डीन स्टाइनकूलर बर नावाच्या खेड्यातला. ही मुलं आली तेव्हा तयार नव्हती. १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांना खास वजनांच्या व्यायामासाठी कोच नेमण्यात आलं, तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत असं पदच नव्हतं. सतरा वर्षांचा उंच, हाडापेराने मोठा शेतकरी मुलगा घ्यायचा, दोन-तीन वर्षं खाऊ-पिऊ घालून व्यायाम करून घ्यायचा, आणि मगच मैदानात सोडायचा.

हायस्कूलच्या लाइनमनना दिलेले स्टार बऱ्याचदा चुकतात, कारण तेव्हा शरीर अर्धवटच घडलेलं असतं. एरिक फिशर हा टू-स्टार मुलगा सेंट्रल मिशिगनला गेला आणि २०१३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. ज्यांच्याकडे धीर आहे त्यांच्यासाठी ही स्वस्त बाजारपेठ आहे.

पोर्टलवर उलट होतं. चांगला, तयार लेफ्ट टॅकल ज्या टीमकडे आहे ती त्याला पैसे देऊन धरून ठेवते. म्हणून पोर्टलवर जे येतात त्यांत जागा गमावलेले बरेच. २०२५ साठी नेब्रास्काने अलाबामाहून एलायजा प्रिचेट आणि नोत्र दामहून रॉको स्पिंडलर आणले. नावं मोठी, कॉलेजं त्याहून मोठी. ऑक्टोबरात मिनेसोटाने नेब्रास्काला २४-६ ने हरवलं, आणि त्या एका सामन्यात रायोला नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच जमिनीवर. दोष सगळा त्या दोघांचा नव्हे. पाच जणांनी एकमेकांशेजारी दोन-दोन हंगाम काढलेले असावे लागतात, तेव्हा कुठे समोरचा डिफेंडर आडवा सरकला की कोण कोणाला घेणार हे न बोलता ठरतं. ही ओळख जानेवारीत विकत मिळत नाही.

एखादा माणूस मात्र जरूर आणावा. ओलू ओलुवातिमी २०२२ मध्ये व्हर्जिनियाहून मिशिगनला गेला आणि त्याच वर्षी रिमिंग्टन व आउटलँड (हीही लाइनमनसाठीचीच) दोन्ही ट्रॉफ्या मिळवल्या. पण मिशिगनची लाइन त्याच्या येण्याआधीच देशातली सर्वोत्तम ठरलेली होती. जमलेल्या चौघांत पाचवा येणं आणि पाच अनोळखी लोक जमवणं यांत फार फरक आहे.

‘लाइन घडवा, बाकी आपोआप होईल’ म्हणणाऱ्यांना मात्र मिझुरी नदीपलीकडे, आयोवात पाठवावं. कर्क फेरेंट्झ १९९९ पासून तिथे आहेत. माउंट व्हर्नन या आयोवातल्याच गावच्या ट्रिस्टन विर्फ्ससारखे टॅकल त्यांनी घडवले. आणि २०२३ मध्ये त्यांच्या टीमची सरासरी होती सामन्याला जेमतेम १५ गुण! सामने दहा जिंकले, पण ते डिफेन्सने. त्या वर्षी मिशिगनहून आणलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा पाचव्या सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन गेला आणि त्याच्यामागे कुणी तयार नव्हतं. मग २०२५ मध्ये त्यांनी साउथ डकोटा स्टेटचा मार्क ग्रोनाऊस्की आणला. खालच्या विभागातल्या दोन राष्ट्रीय विजेतेपदांचा अनुभव, आणि पुढे आयोवाची घरची लाइन. २०२३ आणि २०२४ मध्ये आयोवाने नेब्रास्काला १३-१० असं रडतखडत हरवलं होतं. २०२५ मध्ये ४०-१६.

रिसीव्हर आणि रनिंग बॅक

इथे मी फार ताणणार नाही. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, दोन्हीकडून चालतात. वेगवान मुलगा पहिल्याच वर्षी खेळू शकतो. ओहायो स्टेटच्या जेरमाया स्मिथने २०२४ मध्ये हायस्कूलमधून आल्या आल्या १३०० यार्डच्या वर मजल मारली. पण असे मुलगे फ्लोरिडा-टेक्सासमधून लिंकनच्या थंडीत क्वचितच येतात, आणि इथे असलेला वॅनडेल रॉबिन्सन २०२१ मध्ये केंटकीला गेला, तिथे एका हंगामात १०४ कॅच घेतले. नेब्रास्काने त्याला अर्धा वेळ रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा, म्हणून वापरलं होतं. खेळाडू आणणं एक, त्याला कुठे खेळवायचं हे कळणं दुसरं.

रनिंग बॅकवर मोठा पैसा टाकू नये. नेब्रास्काचा एमेट जॉन्सन मिनियापोलिसचा थ्री-स्टार मुलगा. २०२५ मध्ये तो १४५१ यार्ड धावला.

गावची मुलं

राज्याची लोकसंख्या जेमतेम २० लाख. त्यामुळे ‘आपलीच मुलं घ्या’ हा आग्रह अख्ख्या ऑफेन्सला पुरत नाही. पण जी मोजकी निघतात ती सोडणं महागात पडतं: ओमाहाचा टाइट एंड (लाइनशेजारी उभा राहून पासही झेलणारा) नोआ फँट आयोवाला गेला आणि तिथून २०१९ मध्ये एनएफएलच्या पहिल्या फेरीत. शिवाय १०५ च्या मर्यादेमुळे एक जुनी वाट अरुंद झाली आहे. पूर्वी स्कॉलरशिपशिवाय, स्वतःच्या खर्चाने येणारे ‘वॉक-ऑन’ मुलगे नेब्रास्का ढिगाने ठेवत असे, आणि पाइपलाइनमध्ये त्यांतलेही बरेच होते. आता अशा मुलाला तीन वर्षं सांभाळायचं, तर १०५ पैकी एक जागा अडते.

मग पैसे कुठे?

माझ्या हातात वही दिली तर मी दरवर्षी चार-पाच लाइनमन हायस्कूलमधून घेईन, नेब्रास्का, आयोवा, कॅन्सस, साउथ डकोटा, मिनेसोटा इथले. कुस्ती किंवा बास्केटबॉल खेळलेले असले तर जास्त बरं, कारण त्यांचे पाय हलतात. त्यांना आणायला फार पैसा लागत नाही. तो लागतो तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या कॉलेजांचे फोन येऊ लागतात तेव्हा. नेब्रास्काने राखीव पैसा तिथे ठेवावा, नव्या रिसीव्हरवर उडवू नये. क्वार्टरबॅक दर दोन वर्षांनी पोर्टलवरून, किमान वीसेक सामने सुरुवातीपासून खेळलेला, मग तो छोट्या कॉलेजातला का असेना.

याला एक खरा आक्षेप आहे. ही योजना फळायला तीन वर्षं लागतात आणि कोचला तेवढी वर्षं मिळतीलच असं नाही. ज्याची नोकरी पुढच्या डिसेंबरवर टांगलेली आहे तो सगळीच लाइन पोर्टलवरून आणणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. म्हणून रूल यांच्या निर्णयांवर चिडण्याआधी त्यांच्या कराराची उरलेली वर्षं बघा.

२०२६ पासून पोर्टल उघडण्याची वेळ एकच, जानेवारीचा पहिला पंधरवडा. नव्या आलेल्यांची यादी जाहीर झाली की ऑफिसात सगळे क्वार्टरबॅकवर तुटून पडतील. तुम्ही गेल्या वर्षीच्या पाच लाइनमनपैकी किती परत आले ते मोजा. तीन किंवा जास्त असतील तर हंगामाची तिकिटं काढायला हरकत नाही.