चेनसाठी ९० नंबर गियर ऑईल, तीन पावसाळे वापरून सांगतोय

मी चिपळूणचा, नोकरी लोट्याला एमआयडीसीत, म्हणजे रोज परशुराम घाट चढायचा आणि उतरायचा, जाऊन येऊन ३५ किलोमीटर. ज्यांनी हा घाट जून ते सप्टेंबर बाईकवर केलाय त्यांना वेगळं सांगायला नको, वरून पाऊस, खाली तांबडी माती, पुढच्या डंपरच्या टायरचं पाणी अंगावर, घरी येईस्तोवर चेनवर लाल चिखलाचा नुसता लेप बसलेला असतो. त्या चिखलात बारीक वाळू असते आणि ती वाळू तेलात कालवली की काचपेपरचं काम करते.

गाडी पल्सर १५०, चेन ओ-रिंगवाली. म्हणजे प्रत्येक पिनेला दोन्ही बाजूंनी रबराचं बारीक कडं, आतलं ग्रीस कंपनीतच भरून बंद केलेलं. ते ग्रीस बाहेर येऊ नये आणि पाणी-माती आत जाऊ नये एवढंच त्या कड्याचं काम. पहिला चेनसेट (चेन आणि पुढचं-मागचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट) माझा १४ हजार किलोमीटरातच गेला आणि का गेला ते मला खूप उशिरा कळलं. सर्व्हिसिंगला टाकायचो तिथला पोरगा पेट्रोल आणि तारेचा ब्रश घेऊन चेन घासायचा आणि वरून कुठल्यातरी गाडीतून काढलेलं जळकं ऑईल फासायचा. चेन चकचकीत दिसायची, मी पण खूश. पण पेट्रोलने ते रबर खराब होतं, तारेने चिरतं, एकदा आतलं ग्रीस गेलं की पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, कोरडे घासत राहतात आणि चेन लांबत जाते. जळक्या ऑईलमध्ये तर इंजिनाच्या झिजेची पूड असतेच. शेवटी शेवटी काही कड्या एवढ्या आखडल्या होत्या की चाक हाताने फिरवलं तरी तिथे चेन वाकडीच राहायची आणि पहिल्या गियरला कट-कट आवाज यायचा.

नवीन सेट टाकल्यावर आधी चेनला मारायचा तेलाचा स्प्रे आणला, चांगला महागाचा, दोन कॅन संपवले. स्प्रे वाईट अजिबात नाही, मारायला सोपा, रिमवर उडत नाही, शहरात डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्याने बिनधास्त घ्यावा. पण आमच्याकडे त्याच्या चिकट थरावर ती माती जी बसते ती निघता निघत नाही. मग चिपळूणच्याच एका स्पेअर पार्टवाल्या काकांनी एक लिटर ९० नंबर ऑईलची बाटली हातात ठेवली, म्हणाले हे नेऊन बघ. तेव्हापासून आजपर्यंत २६ हजार किलोमीटर झालेत त्याच चेनसेटवर, मागच्या स्प्रॉकेटचे दात अजून सरळ आहेत, वाकून हुकासारखे झालेले नाहीत, मागच्या बाजूने चेन धरून ओढली तरी दातावरून उठत नाही आणि चेन ताणायच्या अॅडजस्टरच्या खुणा पण बऱ्याच शिल्लक आहेत.

एक गैरसमज मला पण होता तो आधी सांगतो. ९० म्हणजे इंजिन ऑईलच्या ४० पेक्षा दुप्पट जाड, असं वाटतं ना, तसं नाहीये. गियर ऑईलची मोजपट्टीच वेगळी असते, हे ९० इंजिन ऑईलच्या ४०-५० च्याच आसपास बसतं. फरक पडतो तो ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे जास्त दाब सोसणारं) लिहिलेल्या ऑईलमधल्या गंधकाच्या मालामुळे, दात दातावर दाबला गेला तरी मधे थर टिकून राहतो. त्याचाच तो उग्र वास, बाटली उघडली की लगेच कळतो, हाताला लागला तर जेवणापर्यंत जात नाही.

आता लावायचं कसं, कारण खरा फरक इथेच आहे. संध्याकाळी घरी आलो की चेन कोमट असते तेव्हाच गाडी डबल स्टँडवर घेतो. इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलला, हे हात जोडून सांगतो, गाडी चालू ठेवून गियर टाकून चेन पुसणारे मी बघितलेत, चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे फडकं ओढलं गेलं तर बोट राहत नाही. शेजारच्या काकांच्या पॉवर टिलरच्या कॅनमधून कपभर डिझेल आणतो (रॉकेल मिळालं तर उत्तमच), जुन्या दात घासायच्या ब्रशने चारही बाजूंनी घासतो आणि सुती फडक्याने पूर्ण कोरडी पुसतो. मग खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या ड्रॉपरने खालच्या चेनच्या आतल्या अंगाला, जी बाजू स्प्रॉकेटला टेकते तिकडे, पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडत चाक मागे फिरवायचं. आधी एक ओळ, मग दुसरी. आतून टाकायचं कारण असं की चेन फिरताना तेल बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, म्हणजे जाताना ते रोलरमधून जातं, वरून टाकलं तर सरळ रिमवर. सगळं मिळून ८-१० मिली लागतं. रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी निघायच्या आधी बाहेरून पुसून घ्यायचं, जे बाहेर दिसतंय ते कामाचं नाहीच.

तोटा आहे आणि तो खराच आहे. पुसायला कंटाळा केला तर दुसऱ्या दिवशी रिमवर आणि नंबर प्लेटच्या मागे काळे ठिपके दिसतात, टायरला लागलं तर लगेच पुसा, वळणावर घात होईल. आणि पावसात हे स्प्रेपेक्षा लवकर धुतलं जातं. उन्हाळ्यात मी ५०० किलोमीटरला लावतो पण जुलैत दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं द्यावीच लागतात. ज्याला ते जमणार नाही त्याने स्प्रेच घ्यावा, मी आग्रह करणार नाही.

आणि नुसत्या तेलाने पण भागत नाही, चेन ताठ ठेवली तर कुठलंही ऑईल वाचवू शकत नाही, बेअरिंग पण जातात. माझ्या गाडीला खालच्या चेनला दोन स्प्रॉकेटच्या मधोमध २५ ते ३५ मिमी ढिलाई ठेवतो, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात असेल. चाक फिरवून जिथे चेन सगळ्यात ताठ लागते तिथे मोजायची आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या नाहीतर चाक तिरकं बसतं.

स्प्लेंडरसारख्या पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांना माती कमी लागते म्हणून लोक वर्षभर बघतच नाहीत, तिथे कव्हरचं रबरी बूच काढून त्या भोकातून ड्रॉपरने सोडता येतं.

एका लिटरची बाटली तिसरा पावसाळा संपला तरी तळाला चार बोटं उरलीय. दुकानात साधं ९० नसलं आणि ८०डब्ल्यू-९० दिलं तरी चालतं, मी दोन्ही वापरलंय.