अक्षरांचे रंग तपासणारी ऑनलाइन चाचणी: चांगली आहे, पण देवनागरी हवी

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर मजकूर वाचायचा आणि चुका हुडकायच्या. 'कि' मला विटकरी दिसतो आणि 'की' थेट तांबडा, त्यामुळे वेलांटी चुकली की आधी रंग खटकतो, मग अक्षर. याला सिनेस्थेशिया म्हणतात, म्हणजे एका संवेदनेबरोबर दुसरीही आपोआप जागी होते, हे चाळिशीनंतर कळलं, आणि गेल्या आठवड्यात ही मोफत चाचणी दिली.

चाचणीची पद्धत मला मनापासून पटली. २६ इंग्रजी अक्षरं आणि १० अंक, प्रत्येक तीनदा, उलटसुलट क्रमाने. म्हणजे १०८ वेळा रंग निवडायचा. रंगपट्टी दर वेळी वेगळ्या जागेवरून सुरू होते, त्यामुळे 'मघाशी इथे टिचकी मारली होती' असं आठवून काही जमत नाही. सात आला तेव्हा मी नेमका शेवाळी हिरवा शोधत बसले. जरा निळसर झाला तरी तो सात वाटेना. तिसऱ्यांदा आला तेव्हाही तोच हिरवा सापडेपर्यंत मला पुढे जाववेना. तिन्ही रंगांमधलं अंतर मोजून गुण काढतात. १ च्या खाली आले तर सिनेस्थेशिया असावा असं मानतात. माझे ०.६२ आले. ही मोजणी मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. मनाने रंग ठरवणाऱ्याला इतकं सातत्य राखणं अवघड जातं, हीच तिची ताकद.

निकालानंतरचं 'असं का होतं' हे पान मात्र कच्चं आहे. मेंदूत जास्तीच्या जोडण्या असतात, एवढं सांगून मोकळे. ती मांडणी रामचंद्रन आणि हबार्ड या संशोधकांची, २००१ ची: फ्युसिफॉर्म गायरसमध्ये, म्हणजे मेंदूच्या खालच्या बाजूच्या एका घडीत, अक्षरं ओळखणारा भाग आणि रंगाचा व्ही-४ हा भाग एकमेकांना लागून आहेत. बालपणी होणारी जोडण्यांची छाटणी तिथे कमी झाली, तर अक्षराबरोबर रंगही जागा होतो. २००७ मध्ये राऊ आणि शोल्टे यांना स्कॅनमध्ये त्या भागाजवळ खरंच अधिक दाट जोडणी आढळली. पण दुसरी मांडणी म्हणते, तारा सगळ्यांच्या सारख्याच. वरच्या पातळीवरून खाली परतणारे संदेश सहसा दाबले जातात, ते इथे दाबले जात नाहीत. एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थाने काही जणांना तात्पुरते असे अनुभव येतात, आणि तासाभरात नव्या तारा काही उगवत नाहीत. वाद मिटलेला नाही, आणि तो वाचकाला सांगायलाच हवा होता.

मोठी उणीव लिपीची. अक्षर ओळखणारा भाग जन्मतः तयार नसतो. जी लिपी वाचायला शिकू, तिच्यावर तो घडतो. रंगही शिकण्यातून येऊ शकतात. विथॉफ्ट आणि विनावर यांना २०१३ मध्ये ११ माणसं अशी सापडली, की ज्यांच्या अक्षरांचे रंग लहानपणीच्या चुंबकी अक्षरांच्या खेळण्याशी जुळत होते. मग जी लिपी मी सर्वांत आधी शिकले, तीच चाचणीत नसेल, तर माझ्या मेंदूचं अर्धं काम बाहेरच राहतं. इंग्रजी अक्षरांचे माझे रंग फिकट, धुवट आहेत, देवनागरीचे ठळक. काना, मात्रा, उकार लागल्यावर व्यंजनाचा रंग कसा बदलतो, हे तर कोणी विचारतच नाही.

द्यायची असेल तर मोठ्या पडद्यावर द्या. मोबाइलवर रंगपट्टी बोटाखाली झाकली जाते, आणि रात्रीचा पिवळा प्रकाश चालू असला तर सगळे रंग चुकतात. माझी पहिली खेप त्यातच वाया गेली.

देवनागरीची तपासणी मी आता घरीच सुरू केली आहे: चिठ्ठ्यांवर अक्षरं, रंगपेटीतल्या खडूंचे नंबर, आणि दोन फेऱ्यांमध्ये तीन आठवड्यांचं अंतर. पहिल्या फेरीत ल पिवळा आला आणि ळ गडद जांभळा. कागद पाकिटात बंद करून ठेवला आहे.