बोटाच्या थेंबावर चालणारं लिपिड मीटर: घरी ठीक, आयसीयूत नको

एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) एकाच पट्टीवर दाखवणारं हातातलं मीटर घरच्या वापरासाठी वाईट नाही. आयसीयूतल्या पेशंटसाठी म्हणून घेणार असाल, तर पैसे वाचवा.

आधी वापर. ग्लुकोमीटरला एखादा मायक्रोलिटर रक्त पुरतं, इथे 35 ते 40 लागतं. म्हणजे चांगला टपोरा थेंब, तोही नळीत बुडबुडा न येता. हात कोमट पाण्याने धुवा, कोरडे करा, पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. बोट पिळू नका, ऊतींमधलं पाणी मिसळून आकडा खाली येतो. मीटरला पट्ट्यांसोबत येणारी कोड चिप लागत असेल तर ती त्याच डबीची हवी. डबीचं झाकण लगेच लावा, पट्टीला दमट हवा सोसत नाही.

आता आयसीयू. रक्तदाब टिकवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू, बोटं गार आणि सुजलेली. टोचूनही धड थेंब येत नाही. आला तरी खरी अडचण पुढे आहे. यातली बरीच मीटर एकूण कोलेस्टेरॉल 100 ते 400 एवढ्याच टप्प्यात मोजतात. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने सगळं शरीर ढासळतं तेव्हा) यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती घटते, सलाइनने रक्त पातळ होतं, आकडा सहज शंभराखाली जातो. मग पडद्यावर ‘100 पेक्षा कमी’ एवढंच दिसतं आणि एलडीएलच्या (‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या) जागी नुसत्या रेघा.

कारण ही मीटर एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूणमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. 140, 30 आणि 250 असेल तर उत्तर 60. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे सूत्र निकामी. झोपेसाठी प्रोपोफॉल चालू असेल तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही: ते 10 टक्के तेलाच्या इमल्शनमध्ये येतं, तासाला 20 मिली म्हणजे दिवसाला 48 ग्रॅम चरबी. (आहाराचा हिशेब करताना हीच चरबी हमखास विसरली जाते.) उलट हेपरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) ट्रायग्लिसराइड खाली येतं. नमुना लॅबलाच पाठवा, आणि प्रोपोफॉल जातंय त्या लाइनमधून काढू नका.

‘कोलेस्टेरॉल कमी आलंय, म्हणून पाय हलत नाहीत का?’ हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. कमी आकडा आजार किती गंभीर आहे ते सुचवतो, मज्जातंतूंची तपासणी करत नाही. स्नायूंच्या ताकदीची तपासणी मात्र फुकट होते, फक्त पेशंट जागा आणि सांगितलेलं करणारा हवा. खांदा बाजूला उचलणं, कोपर वाकवणं, मनगट वर करणं, मांडी उचलणं, गुडघा सरळ करणं, पाऊल वर ओढणं. दोन्ही बाजूंना 0 ते 5 गुण, बेरीज 60 पैकी. 48 च्या खाली आली तर आयसीयूत आलेला अशक्तपणा धरतात. मज्जातंतू की स्नायू, हे नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी या मज्जातंतू-स्नायूंच्या विद्युत तपासण्यांवरून ठरतं. आधीपासून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू असेल तर सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम, तेही पाहतात; गोळी परस्पर बंद करू नका.

मीटर घेतलंच असेल तर बरं झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी काढा. पहिल्या दिवशी लॅबचा रिपोर्टही करून दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा, आणि पट्ट्या घेताना डबीवरची मुदत बघा.