आठ महिने एलईडीखाली: माझ्या कोरलचा रंग का गेला

सप्टेंबरमध्ये माझ्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकवरच्या जुन्या टी-फाइव्ह (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब काढून एलईडी दिवा बसवला. टँक ३६ इंच लांब, दीडशे लिटरचा, आमच्या न्यू जर्सीच्या घरात चार वर्षांपासून चालू आहे. आत ही कोरल: जांभळा मॉन्टीपोरा, गुलाबी बर्ड्सनेस्ट, हॅमर, डंकन आणि थोडे झोआ.

आधी दिव्याबद्दल. फोनवरून वेळापत्रक लावता येतं, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही आणि पाणी ट्यूबइतकं तापत नाही. पंख्याच्या जाळीवर मात्र मीठ साचतं. दर महिन्याला ओल्या फडक्याने पुसावं लागतं.

पहिले तीन आठवडे टँक इतका सुंदर दिसायचा की रात्री जेवण झाल्यावर सगळे समोर येऊन बसायचे. ऑक्टोबरच्या मध्यावर मॉन्टीपोराचा वरचा भाग फिकट झाला आणि आठवड्याभरात पिठासारखा पांढरा पडला. मला फार वाईट वाटलं. हा तुकडा अंगठ्याएवढा असल्यापासून मी वाढवला होता.

जवळून पाहिलं तर कातडी शाबूत होती आणि पॉलिपही (कोरलचे इवलेसे जीव) बाहेर येत होते. म्हणजे कोरल मेलं नव्हतं, ब्लीच झालं होतं, म्हणजे जिवंत राहून रंग गेला होता. कातडी बुडापासून सोलून निघत असेल तर ते दुखणं वेगळं आणि जास्त घाईचं.

तापमान २५.५, अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची पाण्याची क्षमता) ८.४ डीकेएच, खारटपणा ३५ पीपीटी: सगळं ठीक. मग ओळखीच्या एकाकडून पार मीटर आणला, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र. मॉन्टीपोरावर आकडा आला ४२०, आणि ट्यूबखाली तिथे दोनशेच्या आसपास असायचा. डोळ्यांना तर नवा दिवा जुन्यापेक्षा मंद वाटत होता. आपल्या डोळ्यांना निळा प्रकाश कमी जाणवतो, कोरलला तो पुरेपूर लागतो. कंपनीचा तयार प्रोग्रॅम मी पहिल्या दिवसापासून जसाच्या तसा चालवला, ती चूक माझी.

कोरलच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं आणि साखर बनवून त्याला जगवतं. प्रकाश झेपेनासा झाला की त्या शेवाळातून घातक ऑक्सिजन संयुगं तयार होतात आणि कोरल ते शेवाळ बाहेर टाकतं. मग पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसतो. समुद्रात हेच बहुतेकदा पाणी तापल्याने होतं.

पण प्रकाश एकटा दोषी नव्हता. कोरलला पोषण म्हणून थोडं नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं, आणि माझ्या पाण्यात दोन्ही शून्य होतं. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जोरात, वर फॉस्फेट शोषणारी लोखंडी माती, आणि इतकं स्वच्छ पाणी आहे याचा मला अभिमान होता. फॉस्फेट न मिळालेलं कोरल जास्त प्रकाशापुढे फार लवकर हरतं. कोपऱ्यातला हॅमर, जिथे पार जेमतेम ७० होता, तोसुद्धा फिकट झाला तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं.

दिवा ८ इंचांवरून १२ इंचांवर नेला, तीव्रता ४५ टक्क्यांवर आणली आणि दर आठवड्याला फक्त ५ टक्के वाढवली. लोखंडी माती काढली, माशांना दोन वेळा खायला घालू लागलो. नायट्रेट ५ ते ८ आणि फॉस्फेट ०.०५ वर स्थिरावलं.

डिसेंबरमध्ये मॉन्टीपोरा तपकिरी झाला. इथे अनेक जण घाबरून पुन्हा प्रकाश वाढवतात. तसं करू नका, तपकिरी म्हणजे शेवाळ परतलंय. जांभळा रंग कोरलच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा, तो मागाहून येतो. माझ्याकडे तो फेब्रुवारीत कडेने दिसू लागला. बर्ड्सनेस्टच्या वरच्या फांद्या मात्र गेल्या, खालचा तुकडा वाचला.

पुण्याच्या मित्राने हाच दिवा घेऊ का विचारलं. त्याला आधी हे सांगितलं की भारतात दगडी सांगाड्याची कोरल वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

दिवा मी ठेवणार आहे. ३६ इंचांना एक पुरत नाही, डावा कोपरा अजून अंधारा आहे. तिथे झोआ हलवले आहेत आणि ते छान उघडतात.