चामखिळीवर पोटातून घ्यायची गोळी : सिमेटिडीन कितपत चालतं?

सिमेटिडीन मुळात आम्लपित्ताचं औषध. चामखिळीसाठी ते दिवसाला किलोमागे 25 ते 40 मिलिग्रॅम, विभागून, साधारण तीन महिने देतात. सुरुवातीच्या चाचण्यांचे निकाल झकास होते, पण त्यांत तुलनेला औषध नसलेली गोळी घेणारा गटच नव्हता. 1990च्या दशकात तसा गट ठेवून पाहिलं, तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा दोनेक वर्षांत आपसूक जातात. श्रेय मात्र त्या वेळी चालू असलेल्या गोळीला मिळतं.

तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणार असाल, तर आधी ती चामखीळच आहे ना, कुरूप नाही ना, हे ठरवा. चामखिळीवर त्वचेच्या रेषा तुटतात आणि वरचा थर घासला की काळे ठिपके दिसतात (ते रक्त साकळलेल्या केशवाहिन्यांचे, ‘मुळं’ नव्हेत). दर पंधरा दिवसांनी शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच उजेडात फोटो काढा. सोबत लेप लावलात, तर गुण कशाचा ते कळणारच नाही. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं), फेनिटॉइन (फिट्सचं) किंवा थिओफिलिन (दम्याचं) चालू असेल तर ही गोळी नको. त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

पोटातून घ्यायच्या झिंक सल्फेटचे (जस्ताचा क्षार) निकाल थोडे आशादायक, पण अभ्यास लहान, आणि मळमळीने अनेकजण मध्येच सोडतात.

आमची पसंती अजूनही 17 टक्के सॅलिसिलिक अॅसिडलाच : पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, घासा, फक्त चामखिळीवर लावा. रोज, 12 आठवडे.