कव्हर झकास, पण चित्र कोणाचं ते आधीच विचारा (3 स्टार)

गोष्टींच्या पुस्तकाचं कव्हर एका ऑनलाइन सर्व्हिसकडून करून घेतलं, नाव लिहीत नाही कारण भांडण मिटलंय. काम एक नंबर. मी फक्त छत्रीत बसून पूर ओलांडणारी मांजर सांगितली होती, चित्रकार बाईंनी तिची शेपटी छत्रीच्या दांड्याला गुंडाळलेली दाखवली, मला सात जन्मात सुचलं नसतं. वेळेत मिळालं, दोनदा बदल सांगितले तेही कुरकुर न करता केले.

घोळ नंतर झाला. पुस्तक बऱ्यापैकी खपलं, म्हटलं हीच मांजर टीशर्टवर टाकू, म्हणून लेयरवाली मूळ फाइल मागितली तर उत्तर आलं की तुमच्याकडे फक्त कव्हरपुरतं लायसन्स आहे, कॉपीराइट चित्रकाराचा. मी तडकलोच. पैसे माझे, आयडिया माझी आणि चित्र दुसऱ्याचं? लांबलचक मेल टाइप केला, पाठवायच्या आधी सहज बिल उघडलं तर शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात, 'वापर: मुखपृष्ठ, छापील व ई-बुक. इतर हक्क चित्रकाराकडे.' मेल डिलीट.

मग वाचत बसलो. आयडियाला कॉपीराइट नसतोच म्हणे, ती ज्या रूपात उतरते त्याला असतो, म्हणजे पुरातली मांजर कोणीही काढावी, ही शेपटी मात्र बाईंची. नोंदणीचीही गरज नाही, 1886 चा बर्न करार आहे, तो मानणाऱ्या देशांत काम तयार झालं की हक्क आपोआप. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून काढलं तर बऱ्याच देशांत मालकी कंपनीची, पण फ्रीलान्सरकडून लेखी घेतलं नसेल तर हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. त्यातही देशोदेशी फरक, भारतात पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा पेंटिंग, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याचं, आणि अमेरिकेत तोच फोटो सहसा फोटोग्राफरचा. माझं तर वेगळं ठरलेलं होतं, मी न वाचता ओके दाबून ठरवलं होतं!

बाईंशी थेट बोललो, टीशर्टचं वेगळं लायसन्स दिलं, पैसे वाजवी घेतले, टॅगवर नाव हवं म्हणाल्या. द्यायलाच हवं होतं, कॉपीराइट विकला तरी 'हे मी केलंय' म्हणायचा हक्क बर्न करारात निर्मात्याकडेच ठेवलाय.

दोन स्टार कापले ते सर्व्हिसचे, बाईंचे नाहीत. ऑर्डर देताना रंग किती, साइझ काय, पाठ कोरी की छापील असं सतरा प्रश्न विचारतात, चित्र कुठे कुठे वापरणार हे एकदाही विचारत नाहीत आणि ती ओळ पैसे भरून झाल्यावरच्या बिलात दिसते.

टीशर्ट आले काल. एक्सएलवर शेपटी जरा ताणल्यासारखी दिसते, पण तो छपाईवाल्याचा दोष.